सुट्टीनंतर कूलिंग टॉवरचा पंप पाणी उचलत नाही: हवा कुठून शिरते ते शोधण्याचा क्रम

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा ऑपरेटर स्टार्टरचे हिरवे बटण दाबतो, मोटर फिरू लागते, आवाजही नेहमीसारखा वाटतो. परंतु डिलिव्हरीच्या (पंपातून पाणी बाहेर जाण्याच्या बाजूच्या) प्रेशर गेजचा काटा शून्यावरून हलत नाही, टॉवरच्या माथ्यावरच्या नोझलांमधून पाणी पडत नाही आणि थोड्याच वेळात चिलर (गारवा देणारे यंत्र) किंवा मोल्डिंग यंत्र तापमानाचा इशारा देऊन बंद पडते. मग कोणीतरी बादलीभर पाणी आणून पंपात ओततो, दोन-तीन प्रयत्नांत पंप पाणी धरतो आणि पुढच्या सुट्टीपर्यंत तो विषय सगळे विसरतात. नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी औद्योगिक वसाहतींतील लहान-मध्यम कारखान्यांत पंपांची देखभाल करताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की तान्ह्या पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला तर तो कशासाठी असेल हे मला आधीच कळते.

येथे जे लिहिले आहे ते मुख्यतः जमिनीखालच्या टाकीतून किंवा पंपापेक्षा खालच्या पातळीवरच्या हौदातून पाणी ओढणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपांविषयी आहे. टॉवर गच्चीवर आणि पंप तळमजल्यावर असेल तर पाणी आपोआप पंपात उतरते. अशा मांडणीविषयी शेवटी थोडेसे लिहिले आहे.

लक्षणे

लक्षण नीट पाहिले तर अर्धा शोध तेथेच लागतो; म्हणून पान्याला हात लावण्यापूर्वी पंप नेमके काय करतो आहे हे दोन मिनिटे उभे राहून पाहावे.

पंप पहिल्यापासूनच पाणी धरत नसेल, गेज शून्यावर असेल आणि अॅमीटर (मोटर घेत असलेला विद्युतप्रवाह दाखवणारे मीटर) नेहमीपेक्षा बराच कमी आकडा दाखवत असेल, तर पंपाच्या पोटात पाण्याऐवजी हवा आहे. माझ्या देखभालीतील वीस अश्वशक्तीची एक मोटर पंप भरलेला असताना २४-२५ अँपिअर घेते आणि हवा धरल्यावर १०-११ वर येते. गेज बिघडलेले असू शकते, परंतु अॅमीटर आणि गेज दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर शंका ठेवण्याचे कारण नाही.

पंप पाणी धरतो, पाच-दहा मिनिटे व्यवस्थित चालतो आणि मग दाब हळूहळू किंवा एकदम जातो, असे होत असेल तर चालू पंपात कुठून तरी सतत हवा शिरते आहे. दिवसभर विनातक्रार चालणारा पंप रात्रभर बंद राहिल्यानंतरच पाणी सोडत असेल, म्हणजे आतले पाणी उतरून तेथे हवा भरत असेल, तर संशय प्रथम फूट व्हॉल्व्हवर (ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी असलेल्या, पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या झडपेवर) घ्यावा. काटा थरथरत असेल आणि केसिंगमध्ये (पंपाच्या कवचात) गिट्टी फिरत असल्यासारखा खडखडाट येत असेल, तर सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढण्याच्या, बाजूला अडथळा आहे. दाब स्थिर आहे पण नेहमीपेक्षा बराच कमी आहे आणि नुकतेच विजेचे काही काम झाले आहे, असे असेल तर हा प्रश्न हवेचा नसून मोटरच्या दिशेचा असण्याची शक्यता जास्त आहे.

"थोडा वेळ चालू दे, पकडेल" हे वाक्य सर्वांत महाग का पडते

सेंट्रिफ्यूगल पंप हवा उपसू शकत नाही, हे सगळ्यांनी ऐकलेले असते, परंतु त्यामागचे गणित फार कमी जणांनी केलेले असते. इम्पेलर (पंपातले फिरणारे पात्यांचे चाक) आतल्या पदार्थाला जी उंची देतो ती पाण्यासाठी आणि हवेसाठी साधारण सारखीच असते. दाब मात्र त्या पदार्थाच्या घनतेवर ठरतो आणि हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी आहे. म्हणून पाण्यावर २५ मीटर हेड (उंची) देणारा पंप हवेने भरलेला असताना केवळ ३ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब निर्माण करतो. टाकीतले पाणी दोन-तीन मीटर खाली असताना तो ते कसे ओढणार? शिवाय डिलिव्हरीच्या पाइपात उभ्या असलेल्या पाण्याच्या वजनाने एन.आर.व्ही. (पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) घट्ट बंद असतो आणि इतक्या क्षीण दाबाने तो उघडत नाही. त्यामुळे आत अडकलेली हवा पुढेही ढकलली जात नाही. पंप तास-तास चालवला तरी परिस्थिती तीच राहते.

नागपुरात प्रत्येक घरी कूलर असतो, त्यामुळे हे समजावून सांगायला मला फार त्रास पडत नाही. कूलरचा छोटा पंप पाण्यातच बुडालेला असतो म्हणून त्याला कधी भरावे लागत नाही. परंतु टाकीतले पाणी संपत आले की तोच पंप घरघरू लागतो आणि खसाच्या ताट्या कोरड्या पडतात. कारखान्यातला पंप पाण्याच्या वर बसवलेला असतो, एवढाच काय तो फरक.

पंपाच्या आतले पाणी मेकॅनिकल सीलला (फिरत्या शाफ्टभोवतून पाणी गळू न देणाऱ्या भागाला) गार ठेवण्याचेही काम करते. सीलच्या दोन पृष्ठभागांमध्ये पाण्याचा पातळ थर नसेल तर ते एकमेकांवर कोरडे घासले जातात आणि एक-दोन मिनिटांतही निकामी होऊ शकतात. म्हणून पहिली आणि बिनखर्चाची कृती म्हणजे पंप बंद करणे. पंप बराच वेळ कोरडा चालला असेल आणि केसिंगला हात लावता येत नसेल, तर त्यावर लगेच गार पाणी ओतू नये. तापलेल्या सीलला तडा जातो आणि पाणी ओतण्याच्या नरसाळ्यातून वाफ उसळून तोंडावर येऊ शकते. केसिंग हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. त्या अर्ध्या तासात पुढची पाहणी होते.

हौदातली पातळी

सर्वांत सोपी तपासणी डोळ्यांनी होते आणि तरीही ती नेहमी राहून जाते: हौदात पाणी पुरेसे आहे का आणि फूट व्हॉल्व्ह त्यात पुरेसा बुडालेला आहे का? उघडे झाकण, वर आलेला फूट व्हॉल्व्ह आणि त्याच्याभोवती पाण्यावर पडलेला लहानसा भोवरा मी कितीतरी वेळा पाहिला आहे. भोवऱ्याच्या मधल्या पोकळीतून हवा थेट सक्शनमध्ये जाते, आणि पाण्यात घनफळाच्या साधारण पाच-सहा टक्के हवा मिसळली तरी साधा पंप पाणी सोडू शकतो. पंप बंद केला की भोवरा नाहीसा होतो, म्हणून ही तपासणी शक्य असेल तर पंप पाणी धरून चालत असतानाच, दुसऱ्या माणसाला झाकणापाशी उभे करून करावी.

येथे नागपूरच्या उन्हाळ्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. मे महिन्यात, विशेषतः नवतपात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पंपाने पाणी सोडले तर "पाणी फार तापले म्हणून" असे कारण लगेच दिले जाते. प्रत्यक्षात त्या दिवसांत हवा अत्यंत कोरडी असते आणि कूलिंग टॉवर बाष्पीभवनावर चालत असल्यामुळे तो तेव्हा चांगलेच काम करतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत टॉवरचे पाणी अनेकदा मेपेक्षा जास्त कोमट असते. उन्हाळ्यात खरे घडते ते हे की पाणी झपाट्याने उडून जाते. ताशी १०० घनमीटर पाणी फिरवून ते ५ अंशांनी गार करणाऱ्या टॉवरमधून ताशी साधारण ८५० लिटर पाणी वाफ होऊन जाते. बाहेरची हवा पाण्यापेक्षा गरम असेल तर त्याहूनही जास्त. क्षार वाढू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळेच. मेकअपची (उडालेल्या पाण्याची भरपाई करणारी) लाइन अर्ध्या इंचाची असेल, फ्लोट व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा दुपारी पुरवठ्याचा दाब कमी होत असेल, तर पातळी नकळत खाली जाते आणि दुपारी तीनच्या सुमारास पंप हवा ओढू लागतो. म्हणून तक्रार दुपारची असेल तर मी प्रथम फ्लोट व्हॉल्व्ह हाताने दाबून पाहतो.

व्हॉल्व्ह आणि फिरण्याची दिशा

सक्शनच्या बाजूला व्हॉल्व्ह असेल तर तो पूर्ण उघडा असावा आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह सुरुवातीला बंद असावा. हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल. परंतु सुट्टीत रंगकाम किंवा सफाई झालेली असेल तर कोणी कोणता व्हॉल्व्ह फिरवला असेल याचा भरवसा नसतो. व्हॉल्व्हचे चाक फिरते पण आतली गेट स्पिंडलवरून निसटून खालीच पडलेली असते, असेही मी दोनदा पाहिले आहे.

मोटर रिवाइंड होऊन आली असेल, केबल बदलली असेल किंवा बाहेरच्या वाहिनीवर दुरुस्ती झाली असेल, तर दिशा तपासावी. पंपाच्या अंगावर बाणाची खूण असते. बटण क्षणभर दाबून सोडावे आणि मोटरच्या मागच्या पंख्याकडे पाहावे. उलट फिरणारा पंप थोडे पाणी देतो, त्यामुळे तो हवा धरल्यासारखा भासतो आणि माणसे तासभर उगीच पाणी ओतत बसतात. दोन फेज बदलण्याचे काम वायरमननेच करावे.

बादल्या मोजाव्यात

आता मुख्य भाग. पंप भरताना किती पाणी गेले हे जवळजवळ कोणीही मोजत नाही. आणि माझ्या मते या बिघाडात उपलब्ध असलेली सर्वांत उपयुक्त माहिती हीच आहे. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला सुमारे ८ लिटर पाणी मावते, ८० मिलिमीटरच्या पाइपात ५ लिटर आणि १५० मिलिमीटरच्या पाइपात साधारण १८ लिटर. हौदातल्या पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंत सक्शन पाइपाची लांबी मोजावी. पाण्याखालचा भाग मोजू नये, कारण तो आपोआप भरलेला असतो. समजा १०० मिलिमीटरचा पाइप ६ मीटर लांब आहे आणि केसिंगमध्ये १० लिटर मावतात. तर पूर्ण रिकामी झालेली लाइन भरायला ५५ ते ६० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या लागल्या पाहिजेत.

हिंगण्याच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात दर सोमवारी एक बादली ओतण्याचा परिपाठ होता. एका बादलीत नरसाळे भरून वाहत असे, म्हणून पंप भरला असे सगळे समजत. पंप चार-पाच प्रयत्नांनी कसाबसा पाणी धरत असे आणि वर्षभरात तीन मेकॅनिकल सील बदलून झाले होते. हिशेबाप्रमाणे तेथे चार बादल्या जायला हव्या होत्या. म्हणजे उरलेल्या तीन बादल्यांच्या जागी हवा बसलेली होती. नरसाळ्यातून पाणी आत जाते तेव्हा त्याच वाटेने हवेला बाहेर यायचे असते आणि घाईने ओतलेले पाणी तिची वाट अडवते. केसिंगच्या माथ्यावरचा एअर कॉक रंगाच्या थरांनी बुजलेला होता. तो पिनेने मोकळा केला, पाणी बारीक धारेने सोडले, आणि तीन बादल्यांहून थोडे अधिक पाणी आत गेले. तेथे आणखी एक दोष होता, त्याकडे पुढे येतो.

भरण्याची पद्धत म्हणून अशी ठेवावी. आयसोलेटर बंद करून फ्यूज काढावेत आणि "काम चालू आहे" अशी पाटी लावावी, कारण पुढे शाफ्टला हात लावायचा आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करून केसिंगच्या सर्वांत उंच जागेवरचा एअर कॉक उघडावा, एन.आर.व्ही.च्या अलीकडे आणखी एक कॉक असेल तर तोही उघडावा. पाणी सावकाश ओतावे आणि कॉकमधून पाणी येऊ लागल्यावर लगेच बंद न करता शाफ्ट हाताने दोन-चार वेढे फिरवावा. इम्पेलरच्या पात्यांमध्ये अडकलेली हवा तेव्हाच सुटते आणि कॉक पुन्हा फुसफुसतो. बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की कॉक बंद करावा. शाफ्ट हाताने फिरत नसेल तर येथेच थांबावे. असा पंप मोटरच्या जोरावर फिरवून पाहू नये.

मग पाटी काढून, फ्यूज पूर्ववत बसवून पंप चालू करावा, दाब चढताच डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि अर्ध्या मिनिटात दाब आला नाही तर पंप बंद करून पुन्हा भरावा. डिलिव्हरी बंद ठेवून पंप जास्त वेळ चालवणे धोक्याचे आहे. आतले तेच पाणी घुसळून तापत राहते, आणि दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद राहिले तर केसिंग फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

ओतलेल्या पाण्याचा आकडा हिशेबाइतका आला तर लाइन पूर्ण रिकामी झाली होती, म्हणजे फूट व्हॉल्व्ह किंवा एखादा सांधा गळतो आहे. आकडा हिशेबापेक्षा खूप कमी आला आणि शाफ्ट फिरवल्यावरही बुडबुडे येत नाहीत, तर लाइन बहुतांशी भरलेलीच होती आणि दोष दुसरीकडे शोधावा. पाच-सहा बादल्या गेल्या आणि नरसाळे भरतच नाही, तर फूट व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. त्या दिवशी कितीही ओतले तरी ते पाणी हौदातच जाते.

पंधरा मिनिटांची परीक्षा

पंप पूर्ण भरल्यावर तो चालू न करता नरसाळे काठोकाठ भरावे, पातळीवर खडूने खूण करावी आणि पंधरा मिनिटे थांबावे. पातळी जागेवर राहिली तर फूट व्हॉल्व्ह आणि सांधे दोन्ही चांगले आहेत. पातळी उतरली तर सक्शन पाइपाच्या प्रत्येक फ्लँजवरून, वेल्डवरून आणि ग्लँडखालून (शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो तेथे दोरी भरलेल्या जागेखालून) कोरडा हात फिरवावा. या अवस्थेत पाइपात बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब असतो, त्यामुळे जो सांधा पंप चालू असताना हवा आत ओढतो तोच आता पाणी बाहेर टाकतो. चालू पंपावर हीच गळती दिसत नाही, कारण तेव्हा पाइपात निर्वात असतो आणि सगळी वाहतूक आतल्या दिशेने चालते. पातळी उतरते आहे पण बाहेर कुठेही ओल नाही, तर पाणी खाली हौदात जात आहे. फूट व्हॉल्व्हवरचा आरोप सिद्ध झाला. जमिनीत गाडलेल्या पाइपाला मात्र ही परीक्षा अपुरी पडते.

मी हे काम नेहमी एका माणसावर सोपवतो आणि त्याला तेथून हलू देत नाही. कारण पंधरा मिनिटांनी परत येऊन पाहणारा माणूस पातळी उतरल्याचे सांगतो, परंतु ती एकदम उतरली की हळूहळू, हे त्याला सांगता येत नाही.

ग्लँड, सांधे आणि शेजारचा पंप

पंप चालू असताना हवा शिरत असेल तर पहिला संशयित ग्लँड. ग्लँड दोरी लावलेल्या पंपातून थेंब थेंब पाणी पडत राहिलेच पाहिजे. ती गळती दोरीला गार ठेवते आणि हवेची वाट अडवते. जमीन ओली होते म्हणून ग्लँडचे नट पूर्ण कसून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. मग दोरी जळते, शाफ्ट स्लीव्हवर खाचा पडतात आणि त्याच खाचांमधून हवा आत जाऊ लागते. परीक्षा सोपी आहे: चालू पंपाच्या ग्लँडवर, शाफ्टपासून हात दूर ठेवून, मगाने पाणी सोडावे. त्या क्षणी दाब सुधारला तर हवा तेथूनच शिरत होती. ग्लँडला डिलिव्हरीच्या बाजूने बारीक नळीने पाणी देण्याची सोय असेल तर ती नळी क्षारांनी बंद झालेली नाही ना, हेही पाहावे.

फ्लँजच्या सांध्यांवर साबणाचा दाट फेस किंवा ग्रीस लावून पाहावे. सक्शनच्या बाजूला फेस फुगत नाही, तो आत ओढला जातो. ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे "फेस फुगला नाही म्हणजे सांधा चांगला" असा नेमका उलटा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. गॅस्केट बदलणे हे काही रुपयांचे काम आहे, त्यामुळे शंका आली तर बदलूनच टाकावे.

दोन पंप एकाच सक्शन हेडरवर असतील तर एक चकवा संभवतो. चालू पंपात काहीच दोष नसतो. बंद असलेल्या राखीव पंपाच्या सुकलेल्या ग्लँडमधून हवा हेडरमध्ये शिरते आणि चालू पंपाला बाधते. राखीव पंपाचा सक्शन व्हॉल्व्ह बंद केल्यावर दाब सुधारला तर कारण सापडले. राखीव पंपाचा शाफ्ट आपोआप उलटा फिरताना दिसला तर त्याचा एन.आर.व्ही. गळतो आहे; अशा फिरत्या पंपाचा स्टार्टर दाबू नये, शाफ्ट किंवा कपलिंग तुटू शकते.

गाळणी

फूट व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी आणि वाय-स्ट्रेनर असेल तर तोही साफ करावा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमधली पानगळ, वावटळीची धूळ, टॉवरमधले शेवाळ आणि जवळपास जिनिंग असेल तर कापसाचे तंतू, असे सगळे त्या जाळीवर जमते. सक्शनला व्हॅक्यूम गेज लावलेला असेल तर स्वच्छ स्थितीतले त्याचे वाचन पाटीवर लिहून ठेवावे. त्यापेक्षा निर्वात वाढत गेला की जाळी बुजते आहे असे समजावे.

फूट व्हॉल्व्ह काढणे

आमच्या हेल्परांच्या तोंडी याचे नाव "फुटवॉल" असे आहे आणि तोच सर्वाधिक वेळा दोषी निघतो. झडपेखाली वाळूचा एखादा खडा, क्षारांचा पापुद्रा किंवा फाटलेले चामडे एवढे कारण पुरते. पाइप वर उचलता येत असेल तर फूट व्हॉल्व्ह बाहेर काढून उभा धरावा आणि वरून पाणी भरावे. खालून धार लागली तर सीट घासून झडप बदलावी. जुना व्हॉल्व्ह तीनदा दुरुस्त करण्यापेक्षा चौथ्या वेळी नवा घेणे स्वस्त पडते, असा माझा अनुभव आहे.

पाइप उचलता येत नसेल आणि टाकीत उतरावे लागणार असेल, तर ते काम सोपे समजू नये. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, गाळातून विषारी वायू निघतात आणि टॉवरच्या पाण्यात जंतुनाशक रसायनेही असतात. हवेची तपासणी, पंख्याने वायुवीजन, दोर बांधलेला माणूस आणि बाहेर सतत उभा असलेला दुसरा माणूस, एवढे नसेल तर टाकीत उतरू नये. आत गेलेला माणूस उत्तर देत नाही म्हणून त्याच्यामागे तसाच उतरलेला दुसराही दगावतो, अशा घटना सर्वत्र घडतात.

पाइपाची चढ-उतार

आता हिंगण्याचा तो दुसरा दोष. एअर कॉक मोकळा करूनही तेथे सुमारे अर्धी बादली हवा राहतच होती. पाइपावर पाणसळ ठेवली तेव्हा दिसले की भिंतीतून येताना पाइप वर जाऊन पुन्हा पंपाकडे उतरत होता. सक्शन पाइप हौदापासून पंपापर्यंत सतत किंचित चढताच असावा; मध्ये कुठेही उंचवटा असला तर हवा तेथे बसते आणि कोणत्याही कॉकमधून निघत नाही. रेड्युसर (मोठा पाइप लहान व्यासाला जोडणारा तुकडा) वापरला असेल तर तो एका बाजूने सपाट असावा आणि सपाट बाजू वर ठेवावी, कारण दोन्ही बाजूंनी निमुळत्या रेड्युसरच्या वरच्या भागात हाच हवेचा कप्पा तयार होतो. त्या कारखान्यात आधाराचा ब्रॅकेट चार इंच खाली घेतला आणि सोमवारची बादली बंद झाली.

येथपर्यंत सगळे ठीक असूनही खडखडाट राहत असेल तर उंचीचा हिशेब करावा. पंप पाणी खेचत नाही. वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला तो दाब १०.३ मीटर पाण्याइतका असतो आणि सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरात १० मीटरच्या आसपास. त्यातून पाइपातले घर्षण, फूट व्हॉल्व्हचा अडथळा, पाण्याचा बाष्पदाब आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाते. बाष्पदाब ३० अंशांना अर्ध्या मीटरहूनही कमी असतो, परंतु ६० अंशांना २ मीटर होतो. म्हणून गरम पाण्याच्या टाकीवरचा पंप थंड टाकीवरच्या पंपाइतक्या उंचीवर बसवता येत नाही.

टॉवर पंपापेक्षा उंच असेल तर

अशा मांडणीत पंप पाणी सोडण्याचा प्रश्न सहसा दुरुस्तीनंतरच येतो. सक्शन व्हॉल्व्ह उघडून एअर कॉकमधून सलग धार येईपर्यंत थांबले की काम होते. त्यानंतरही तक्रार राहिली तर टॉवरच्या हौदातील भोवरा आणि तोंडाची जाळी या दोनच गोष्टी पाहाव्यात. टॉवरजवळ काम करताना पंखा बंद ठेवावा आणि तुषार श्वासात जाऊ देऊ नयेत. साचलेल्या कोमट पाण्यात फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

कुठे थांबावे

पुढील प्रसंगी स्वतः प्रयत्न न करता पंपाच्या जाणकार तंत्रज्ञाला बोलवावे. शाफ्ट हाताने फिरत नाही किंवा वर-खाली हलतो. मेकॅनिकल सीलमधून धार लागली आहे. बेअरिंगचा आवाज येतो आहे. कपलिंगची रबरे वारंवार झिजत आहेत, म्हणजे अलाइनमेंट बिघडले आहे. मोटर नेहमीपेक्षा जास्त अँपिअर घेते आहे किंवा ओव्हरलोड रिले पुन्हा पुन्हा पडतो आहे. रिलेची मर्यादा वाढवून पंप चालवणे हा उपाय नाही. चिलर जास्त दाबावर ट्रिप होत असेल तर पाण्याचा प्रवाह पूर्ववत झाल्यावर एकदा रीसेट करून पाहावे. दुसऱ्यांदा ट्रिप झाला तर रेफ्रिजरेशनच्या तंत्रज्ञाकडे सोपवावे आणि फ्लो स्विचच्या (पाण्याचा प्रवाह नसेल तर चिलर बंद करणाऱ्या स्विचच्या) वायरी जोडून तो चकवू नये. सक्शनची उंचीच जास्त निघाली तर पंप खाली बसवणे, सेल्फ प्रायमिंग पंप घेणे किंवा पाण्यात बुडणारा उभा पंप लावणे यांपैकी काय योग्य, हे जागा पाहूनच ठरते.

त्या तंत्रज्ञाला फोन करताना एवढे सांगावे: सक्शन पाइपाचा व्यास व लांबी, हौदातील पाण्यापासून पंपाची उंची, भरताना गेलेले लिटर, पंधरा मिनिटांत नरसाळ्यातील पातळी किती बोटे उतरली, आणि भरलेल्या व रिकाम्या पंपावरचे अँपिअर. एवढी माहिती हाती असेल तर तो येताना नेमकी गॅस्केट, ग्लँड दोरी किंवा फूट व्हॉल्व्ह सोबत घेऊन येतो आणि बुटीबोरीची दुसरी फेरी वाचते.